पिस्तुलाकडून रायफलीकडे : एक प्रस्तावना

हिंगोली आणि बंदूक यांचे नाते जुने आहे. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट या नावाने जी फौज उभी राहिली, तिच्या छावण्यांपैकी एक हिंगोलीला होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करात सामावली गेली आणि छावणीचा काळ संपला. आज त्याच शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांना औंढा नागनाथामुळे, नर्सीच्या संत नामदेवांमुळे किंवा वसमतच्या हळदीमुळे ठाऊक असतो. पण सेनगाव-कळमनुरीकडच्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणारी, एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू टू चालवून आलेली मुले-मुलीही भेटतात. त्यांच्यासाठी शस्त्र हा कुतूहलाचा विषय आहेच, त्याहून अधिक तो शिस्तीचा आणि पोटापाण्याचा विषय आहे.

पुढील प्रकरणे लिहिली आहेत ती एका विशिष्ट वाचकासाठी. या वाचकाने पिस्तूल चांगले चालवलेले आहे. कुणी एअर पिस्तुलावर दोन-चार वर्षे घालवली असतील, कुणी खात्यात राहून नेम पक्का केला असेल. आता त्याला पहिल्यांदा रायफल घ्यावीशी वाटते आहे. पिस्तूल आधी हाती येते याची कारणे साधी आहेत. जाड जॅकेट लागत नाही, सामान एका पेटीत मावते, आणि सुरुवातीचा खर्च रायफलीच्या मानाने आटोक्यात राहतो. रायफलीचा विचार मनात आला की मात्र हा अनुभवी माणूस एकदम नवखा होतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, ‘माझे पिस्तूल जसे आपोआप पुढची गोळी भरते, तशी रायफल मिळेल का?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर याच प्रस्तावनेत दिले आहे. परंतु उत्तराआधी वाचकांनी थोडे मागे येऊन हा सारा प्रदेश पाहावा, अशी विनंती आहे.

महाराष्ट्राने रायफल नेमबाजीत जे कमावले आहे, त्याची जाण अजून घराघरांत पोचलेली नाही. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीची छात्र असताना अंजली भागवत यांनी पहिल्यांदा रायफल हाती घेतली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, तेव्हा असे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज होत्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला पदक मिळवल्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राच्या मातीला बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली होती, आणि ती संपवली एका रायफलवाल्याने.

स्वप्निलच्या त्या अंतिम फेरीकडे पिस्तूलवाल्या वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर, मग पालथे पडून आणि शेवटी उभ्याने असा क्रम असतो. पहिल्या दोन पवित्र्यांत तो पदकाच्या बाहेरच होता. उभ्याने नेम धरायची वेळ आली तेव्हा तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. उभे राहून, कशाचाही टेकू न घेता नेम धरणे ही पिस्तूल नेमबाजाची रोजची भाकरी आहे. म्हणजे रायफलीतला जो पवित्रा इतरांना सर्वांत अवघड वाटतो, त्याच्याशी तुमची तोंडओळख आधीच झालेली असते. नव्या क्षेत्रात शिरताना एवढे भांडवल थोडे नव्हे.

दोन शाखांमध्ये जाण्या-येण्याची वाट आपल्याकडे रुळलेली नसली तरी प्रेरणेची देवाणघेवाण झालेली आहे. तेजस्विनी सावंतांनी २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकले. त्यांच्याच कोल्हापुरातल्या राही सरनोबतला नेमबाजीकडे वळवण्यात या यशाचा वाटा होता. राहीने मात्र पिस्तूल निवडले आणि २०१३ मध्ये चांगवॉन येथे पिस्तूल प्रकारात विश्वचषकाचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही तिने सुवर्ण घेतले. तुमचा प्रवास उलट दिशेने आहे, एवढेच.

आता जवळून पाहू. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्यात पूर्ण मावतो आणि भोवती जागा उरते. त्याच दहा मीटरवर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका. छर्रा त्या ठिपक्याच्या नऊपट रुंद. नीट लागला तर ठिपका नाहीसा होतो, दिसते ते फक्त भोक. सारे लक्ष्यच साडेचार सेंटिमीटरचे. पिस्तुलाचे आणि रायफलीचे कार्ड शेजारी शेजारी ठेवून वाचकांनी एकदा निरखावे. दोन खेळांच्या स्वभावांतला फरक पानभर वर्णनापेक्षा त्यातून लवकर कळतो. वरच्या पातळीवर तर दहावरही भागत नाही. एअर रायफलमध्ये गुण दशांशात मोजतात, १०.० ते १०.९ पर्यंत, आणि १०.२ वर समाधान मानणारा मागे पडतो.

पिस्तुलात आपण एका हातावर जास्तीत जास्त दीड किलोचे वजन तोलतो. हात लांब, खांदा कसलेला, आणि साइट थोडी हलणारच हे आपण मान्य केलेले असते. हलत्या साइटवरच दाब वाढवत नेणे ही पिस्तूलवाल्याची खरी विद्या. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. हे वजन स्नायूंनी धरायला गेलात तर दहाव्या शॉटला दंड थरथरू लागतो. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्या नेमबाजाने डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीला टेकवायचे, पाठ किंचित मागे आणि बाजूला कलू द्यायची, डाव्या मुठीवर रायफल ठेवायची आणि मग सैल व्हायचे. वजन हाडांवरून पावलांपर्यंत उतरले पाहिजे. पिस्तुलातून आलेल्या माणसाला हे सैल होणेच जड जाते, कारण त्याचा खांदा वर्षानुवर्षे कामाला जुंपलेला असतो.

याची एक चाचणी आहे. पवित्रा घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, डोळे उघडा. नळी लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हाताने ओढून परत आणू नका, पाऊल हलवा. पिस्तुलातही ही चाचणी करतात, पण तिथे थोडी चूक राहिली तर हात ती पोटात घालतो. रायफलीत हाताने ओढून आणलेला नेम चाप सुटण्याच्या क्षणी जिथला तिथे परत जातो आणि कार्डावर त्याची साक्ष उमटते. पिस्तूलवाल्या विद्यार्थ्यांचे पहिले महिने बहुतांशी या एकाच गोष्टीत जातात, आणि ते जाऊ द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळ्याचे कामही बदलते. पिस्तुलावर मागे खाच, पुढे चौकोनी साइट. पुढची साइट लख्ख, काळा गोल धूसर, आणि नेम गोलाच्या थोडा खाली. स्पर्धेच्या रायफलीवर मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे कडे असते. छिद्रातून कडे, कड्यात काळा गोल, तिन्ही एकात एक बसवायचे. यासाठी डोळा दर वेळी नेमक्या त्याच जागी यायला हवा, आणि डोळ्याची जागा ठरवतो गाल. म्हणून रायफलीत गालाखालच्या आधाराला जेवढे महत्त्व आहे, तेवढे पिस्तूलवाल्याने कशालाच दिलेले नसते. त्याच्या मुठीतल्या पकडीला मात्र तो मान असतो. ज्याने पिस्तुलाची लाकडी मूठ स्वतःच्या तळव्याला बसेपर्यंत कानशीने घासलेली आहे, त्याला हा मुद्दा लगेच पटेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे एका दाबाला एक गोळी सोडणारी, पण पुढचे काडतूस स्वतःच भरून घेणारी रायफल. हिंगोलीला अशी रायफल परकी नाही. राखीव दलाच्या जवानांच्या तोंडी जी ‘एसएलआर’ असते, ती हीच. बेल्जियमच्या एफएएल रायफलीवरून बेतलेली आणि इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची ही रायफल १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात भारतीय लष्करात रुजली आणि नंतर राज्याराज्यांच्या पोलिसांकडेही आली. नळीतून जाणाऱ्या गोळीमागचा थोडा वायू एका छिद्रातून वळवला जातो, तो पिस्टनला ढकलतो, पिस्टन ब्रीच मागे सारतो, रिकामे खोके बाहेर पडते, आणि स्प्रिंग परत येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये सारते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सारे घडते. तीन-चारशे मीटरवर उपयोगी पडणारे, दणकट आणि लढाईसाठी घडवलेले हे हत्यार आहे. ज्या जवानांनी ते वर्षानुवर्षे वाहिले आणि निगुतीने राखले, त्यांच्या अनुभवाला या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

नागरिकाला मात्र ही रायफल घेता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम यांनी शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर तिसऱ्या वर्गात येतात, आणि ती ठरलेल्या मर्यादेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर मिळू शकतात. बाकीची अर्धस्वयंचलित शस्त्रे पहिल्या, म्हणजे निर्बंधित वर्गात आहेत, ७.६२ किंवा .३०३ ची लष्करी काडतुसे चालवणाऱ्या रायफलीही तिथेच. आपोआप भरणारे पिस्तूल ज्याच्याजवळ कायदेशीरपणे आहे, त्याला तशीच रायफलही मिळेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कायदा दोहोंना एका मापाने मोजत नाही. वाचकांनी हे आरंभीच मनात पक्के करावे. म्हणजे कुणा दलालाच्या गोड बोलण्याला भुलून आयुष्याचे नुकसान होणार नाही.

मला इथे वाचकांच्या नजरेस आणून द्यायची गोष्ट पुढची आहे. कायद्याने दार उघडे ठेवले असते, तरी पिस्तुलातून येणाऱ्याने पहिली रायफल आपोआप भरणारी घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या रायफली एकेक गोळी हाताने भरण्याच्याच असतात. अपवाद तीनशे मीटरच्या स्टँडर्ड रायफलीचा. दहा मीटरवर साठ शॉट्ससाठी सव्वा तास मिळतो, म्हणजे एका शॉटला सरासरी पंचाहत्तर सेकंद. उलट पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जलद भागात लक्ष्य तीन सेकंद समोर येते, सात सेकंद जाते, पुन्हा येते. रॅपिड फायरमध्ये तर पाच गोळ्या आठ, मग सहा, शेवटी चार सेकंदांत सोडायच्या. ज्याचे हात या तालावर वाढले आहेत, त्याच्या मनात ‘पुढची गोळी तयार आहे’ ही जाणीव कायम जागी असते. तीच जाणीव रायफलीत अंगावर येते. बोल्ट उघडायचा, एक काडतूस हाताने ठेवायचे, बोल्ट बंद करायचा, गाल टेकवायचा, पवित्रा तपासायचा: या संथ क्रमातच रायफलीची शिकवण आहे. गोळी भरण्याचे काम यंत्राने काढून घेतले, तर विचार करायला मिळणारी ती उसंतही जाते.

तेव्हा पहिली रायफल कोणती? माझे उत्तर दहा मीटरची एअर रायफल असे आहे, आणि तेही शक्यतो आधी क्लबची किंवा उसनी. कायद्याने ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या एअर रायफलीला परवान्यातून मोकळीक दिली आहे, आणि स्पर्धेची एअर रायफल या ताकदीच्या निम्म्याच्याही आत असते. त्यामुळे अर्जाची वाट न पाहता शिक्षण सुरू होते. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे एअर रायफलचे दोन वेगळे प्रकार असतात. पिस्तूलवाल्याने ओपन साइटला कमी लेखू नये. खाच आणि खुंटी ही त्याच्या ओळखीची असतात, त्यामुळे डोळ्याला नवे काही न शिकवता सारे लक्ष अंगाच्या पवित्र्यावर देता येते. देशी बनावटीच्या स्प्रिंगच्या रायफलीला छर्रा बाहेर पडण्याआधीच एक हिसका बसतो, तो पुढे-मागे दोन्हीकडे जाणवतो आणि पकडीतला कणभर बदलही कार्डावर दाखवतो. दोन-तीन महिने तिच्यावर काढून मग पीप साइटकडे यावे. ही शिफारस सगळ्या प्रशिक्षकांना मान्य होणार नाही, कारण अनेक जण थेट पीप साइटवरून सुरुवात करतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे चौथ्या प्रकरणात मांडले आहे; वाचकांनी आपली परिस्थिती पाहून ठरवावे.

स्पर्धेची रायफल विकत घेण्याची वेळ येते तेव्हा पिस्तुलाची सवय आणखी एकदा आडवी येते. पिस्तूल घेताना आपण आधी चाप पाहतो. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, पंचवीस मीटरचा किमान १००० ग्रॅमचा. त्या दाबावर बोट तयार झालेले असते. एअर रायफलीच्या चापाला अशी किमान मर्यादा नाही आणि तो फारच हलका लावलेला असतो. सवयीने दाब वाढवायला गेलेले बोट नेम लागण्याआधीच गोळी सोडून बसते. म्हणून दुकानात चापाने भारावू नका. तो नंतर हवा तसा लावून घेता येतो, आणि आठवडाभर रिकामा चाप ओढण्याचा सराव केला की बोटाला नवे माप कळते. आधी पाहायचे ते रायफलीचे अंगाशी जुळणे. बट किती लांब होतो, गालाचा आधार किती वर येतो, मान सरळ ठेवून डोळा छिद्रासमोर येतो की मान वाकवावी लागते. मान वाकवून चांगला नेम धरता येतो, पण तासभर नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर बटाची लांबी कमी होते का, हे पहिल्यांदा विचारा. डावखुऱ्याने उजवी रायफल ‘चालवून घेतो’ म्हणून उचलू नये.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याने एक प्रश्न पुणे-मुंबईकरांपेक्षा अधिक काळजीने विचारायला हवा, तो हवेचा. आजच्या स्पर्धेच्या एअर रायफली दाबाखालच्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. हा दाब साधारण २०० बार असतो. ती हवा कुठे भरणार? मोठ्या टाकीतून, कॉम्प्रेसरवरून की हातपंपाने? हातपंप चालतो, पण मेहनत लागते आणि दमट दिवसांत हवेबरोबर ओल आत जाते. जुनी रायफल घेत असाल तर नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. उत्पादक सामान्यतः दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले नळकांडे धोक्याचे असते आणि स्पर्धेच्या तपासणीतही ते अडचणीचे ठरू शकते. जॅकेटबद्दलही असेच. कॅनव्हास आणि चामड्याचे ते जाड जॅकेट मराठवाड्याच्या मे महिन्यात अंगात घालणे म्हणजे परीक्षाच. सराव सकाळी लवकर ठेवावा, आणि पहिले काही महिने जॅकेटशिवायच शिकावे. शरीराने आपला तोल आधी ओळखला की जॅकेट त्याला मदत करते. आधी जॅकेट आले तर शरीर शिकायचे राहून जाते.

पन्नास मीटरच्या पॉइंट टू टू रायफलीबद्दल इथे थोडेच सांगतो, कारण तो पुढचा टप्पा आहे. तिला परवाना लागतो. त्यासाठी विहित अर्ज, सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी यांतून जावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आहे. नावाजलेल्या खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. तुमच्याजवळ आधीच एक पिस्तूल असेल, तर दुसरी आणि शेवटची जागा तुम्ही रायफलीला देणार आहात. घाईने भरलेली ही जागा नंतर रिकामी करणे कटकटीचे असते. त्यातच पॉइंट टू टूच्या प्रत्येक नळीचे स्वतःचे खाणे ठरलेले असते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचा एक लॉट तिला मानवतो, दुसरा मानवत नाही. म्हणून जाणते नेमबाज रायफल बाकावर बांधून निरनिराळे लॉट तपासतात आणि जमलेला लॉट साठवतात. हे सारे पहिल्याच वर्षी अंगावर घेण्याचे कारण नाही.

सुरक्षेचे वेगळे प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. एअर रायफलीला परवाना नाही म्हणून ती खेळणे होत नाही. नळी सदैव लक्ष्याकडे, चेंबरमध्ये सुरक्षा ध्वज, लक्ष्यामागे छर्रा अडवणारा भक्कम अडसर, आणि घरात लहान मुले असतील तर कुलूप. आपल्याकडे हरभऱ्यात रानडुकरे आणि रोही शिरतात, शेतकऱ्याचे नुकसान होते आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार गुन्हा आहे, पक्ष्यांवर छर्रा झाडणेही त्यातच येते, आणि वरातीत हवेत गोळी झाडणे तर २०१९ पासून शस्त्र कायद्यातच स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदलेले आहे. या पुस्तिकेतली रायफल फक्त कागदाच्या लक्ष्यासाठी आहे.

हिंगोलीसारख्या ठिकाणाहून हे जमेल का, असे कुणी विचारले तर मी दहा मीटरकडे बोट दाखवतो. पन्नास मीटरची रेंज बांधायला जागा, भिंती आणि परवानग्या लागतात. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत किंवा वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर ते सारे आहे आणि कधीतरी तुम्हाला तिथे जावे लागेलच. पण दहा मीटरची जागा शाळेच्या सभागृहात निघते, एखाद्या गोदामात निघते, जरा लांबट हॉलमध्ये निघते. रिकामा चाप ओढण्याचा सराव तर खोलीच्या भिंतीवर काळा ठिपका लावूनही होतो, आणि अव्वल नेमबाजही या सरावावर रोज वेळ घालवतात. कांबळवाडी काही मोठे शहर नाही. स्वप्निल तिथून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे बालेवाडीत घडला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत ऑलिंपिकपर्यंत पोचला.

मनाच्या तयारीबद्दल आपल्याकडे मराठीत बोलण्याची परंपरा आहे, हे आपले भाग्य. पोलीस सेवेतून आलेले, नाशिकला स्थायिक झालेले भीष्मराज बाम यांनी नेमबाजांना एकाग्रता, श्वास आणि दडपण यांविषयी आपल्या भाषेत, आपल्या योगपरंपरेच्या आधाराने शिकवले. पिस्तूलवाल्याला दडपण नवे नसते. पण रायफलीतले दडपण वेगळ्या जातीचे आहे. वेळ भरपूर असतो, आणि भरपूर वेळातच शंका वाढतात. सहाव्या प्रकरणात याचा विचार केला आहे.

वाचकांनी प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. पवित्र्याचे दुसरे प्रकरण मात्र रायफल विकत घेण्यापूर्वी वाचावे, खरेदीचे पाचवे त्यानंतर. पहिल्या महिन्यांत गुण मोजू नयेत. कार्ड उलटे लावावे, कोऱ्या बाजूवर पाच छर्रे सोडावेत आणि ते एकमेकांपासून किती पसरले हे पट्टीने मोजून तारखेसह वहीत लिहावे. कोऱ्या कागदावर गुण नसतात, त्यामुळे पिस्तुलातल्या जुन्या स्कोअरशी तुलना करण्याचा मोह होत नाही आणि पवित्रा सुधारतो आहे की नाही एवढेच कळते. पिस्तूलही सोडू नका. आठवड्यातून एक दिवस त्याला द्या, पण रायफलीच्या सरावाच्या दिवशी नको. एकाच दिवशी दोन्ही केले की खांद्याला आपण कुठे कसलेले राहायचे आणि कुठे सैल, हे उमगत नाही. पसारा सलग चार आठवडे एकाच मापात आला, की पीप साइट लावा आणि कार्ड सरळ करा.